गिरनारची शिळा आणि अर्धा नवस

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तप्रभूंचा नित्य संचार आपल्याला लहानपणापासून पाठ असतो. काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा, माहूरला निद्रा. वाडी, औदुंबर, गाणगापूर ही तर आपली माहेरंच. पण गिरनार म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, ती म्हणजे दहा हजार पायऱ्या. जाऊन आलेला माणस भेटला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती वेळ लागला हो?" दुसरा प्रश्न, "पाय दुखले का?" तिसरा प्रश्न सहसा नसतोच.

गेल्या वर्षी पौषात मी व सौ. गिरनारला जाऊन आलो. या लेखात पायऱ्यांविषयी लिहिणारच आहे, पण त्याआधी पायथ्याच्या जुनागढ गावाविषयी आणि गावातून डोंगराकडे जाताना वाटेत लागणाऱ्या एका शिळेविषयी सांगायचं आहे. आपली मंडळी रात्री गाडीतून उतरतात, तळेटीला मुक्काम करतात, डोंगर चढतात आणि दुसऱ्या दिवशी सोमनाथच्या रस्त्याला लागतात. ती शिळा रस्त्यालाच आहे, तरी राहून जाते. माझा नवस मात्र त्या शिळेने मला नीट वाचायला शिकवला. कसा, ते क्रमाने सांगतो.

जुने गाव, जुना गड

राजकोट ते वेरावळ रेल्वेमार्गावर जुनागढ लागतं. नावाचा अर्थच जुना गड. हा गड म्हणजे गावातला उपरकोट. आत खडकात खोदलेली बौद्ध लेणी आहेत, मोठ्या तोफा आहेत, आणि पाण्याच्या दोन नामांकित जागा आहेत: अडीकडी वाव आणि नवघण कुवा. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. या दोन्ही बांधलेल्या नाहीत, अखंड खडक कोरून खाली नेलेल्या आहेत. या दोन्ही ज्याने पाहिल्या नाहीत तो जिवंत असून मेल्यासारखा, अशी तिकडे म्हण आहे. आम्ही पाहिल्या, म्हणजे तेवढ्यापुरतं पास झालो.

गावात नबाबांचे मकबरे आहेत. महाबत मकबरा १८९२ साली पुरा झाला. त्याच्या शेजारच्या मकबऱ्याच्या मिनारांना बाहेरून गोल फिरत जाणारे जिने आहेत. ते बघताना मान दुखते, पण नजर हटत नाही. याच घराण्यातल्या शेवटच्या नबाबाने १९४७ साली पाकिस्तानात सामील होण्याचं ठरवलं. प्रजा बहुसंख्येने हिंदू, तिन्ही बाजूंनी भारतात गेलेला मुलूख. शामळदास गांधींच्या नेतृत्वाखाली आरझी हुकूमत उभी राहिली, नबाब कराचीला गेला आणि ९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताने कारभार हाती घेतला. पुढे फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांचं मत घेतलं गेलं, ते भारताच्या बाजूने पडलं.

आपला मराठी संबंधही इथे आहे. बडोद्याच्या गायकवाडांच्या फौजा मुलूखगिरीला काठियावाडात येत आणि संस्थानिकांकडून खंडणी वसूल करून जात. जुनागढचा नबाब ती देत असे आणि स्वतः लहान संस्थानिकांकडून जोरतलबी नावाची रक्कम घेत असे. नावातच सगळं आलं. ही वसुलीची गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

याच गावात पंधराव्या शतकात नरसी मेहता होऊन गेले. गांधीजींचं आवडतं भजन यांचंच. डोंगराच्या वाटेवर दामोदर कुंड आहे, तिथे ते रोज स्नानाला येत असं सांगतात. त्यांची हुंडीची कथा मला, बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, फार आवडते. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत रोख बाळगायची नव्हती. कुणीतरी थट्टेने त्यांना नरसी मेहतांकडे पाठवलं. मेहतांकडे दमडी नव्हती. तरी त्यांनी पैसे घेतले आणि द्वारकेच्या शामळशा शेठच्या नावाने हुंडी लिहून दिली. पैसे साधुसंतांच्या सेवेत खर्च झाले. द्वारकेत त्या नावाची पेढीच नव्हती, पण प्रत्यक्ष भगवंत शेठ होऊन आले आणि हुंडी वटली. आपल्या दामाजीपंतांची आठवण होते ना? तिथे विठू महार रसद भरायला गेला, इथे शामळशा.

शिळेवरचा हिशेब

गावातून भवनाथ तळेटीकडे जाताना एका इमारतीत एक प्रचंड शिळा जपून ठेवली आहे. एकाच दगडावर तीन राजांच्या काळचे लेख आहेत. पहिला सम्राट अशोकाचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, चौदा आज्ञांचा. दुसरा महाक्षत्रप रुद्रदामनाचा, इ. स. १५० च्या सुमाराचा, संस्कृत गद्यातला. तिसरा स्कंदगुप्ताच्या काळचा, पाचव्या शतकातला.

अशोकाने यात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं, रस्त्याला विहिरी खणून झाडं लावल्याचं लिहवून घेतलं आहे. एका आज्ञेत तो सांगतो की जो आपल्या पंथाची बढाई मारतो आणि दुसऱ्याच्या पंथाला नावं ठेवतो, तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो. गिरनारच्या पायथ्याला हे कोरलेलं असावं याचं मला नवल वाटलं. कारण हा डोंगर आपला आहे तसा जैन बांधवांचाही आहे. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचं हे मोठं तीर्थ आहे आणि शेजारच्या दातार टेकडीवर जमियलशा पीराचं स्थान आहे.

हे लेख आधी कुणाला वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडली आणि शिळा बोलू लागली. पुढे याच जुनागढात १८३९ साली जन्मलेल्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाने ती अक्षरं स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतली. त्याची हुशारी ऐकून मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्याला बोलावून घेतलं आणि देशभरचे लेख पाहायला पाठवलं. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली उकरून काढला तो याच पंडित भगवानलालांनी. शाळेत आपण सोपारा वाचलं, भाऊ दाजी वाचलं, पण त्याचा धागा गिरनारच्या पायथ्याशी बांधलेला आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आता मुख्य मुद्दा. रुद्रदामनाच्या लेखाचा विषय आहे सुदर्शन नावाचं तळं. चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने डोंगरातल्या नद्या अडवून ते बांधलं. अशोकाच्या काळात तुषास्फ या यवन अधिकाऱ्याने त्याला पाट काढले. नंतर शक वर्ष ७२ मध्ये भयंकर वादळ झालं. ऊर्जयत्, म्हणजेच गिरनार, यावरून उतरणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी वगैरे नद्यांना लोंढा आला आणि बांध फुटला. भगदाड किती? लांबी ४२० हात, रुंदी तेवढीच, खोली ७५ हात. सगळं पाणी वाहून गेलं.

आणि तिथी? मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. आपल्या पंचांगाप्रमाणे धरली तर ती दत्तजयंतीची दुसरी सकाळ. उत्तरेकडच्या पद्धतीने महिना वद्य पक्षापासून मोजला तर ती कार्तिकी पौर्णिमेची दुसरी सकाळ, आणि कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा हा गिरनारच्या परिक्रमेचा काळ. कशीही मोजा, तिथी आपल्या ओळखीचीच निघते. आपण प्रसादाची भांडी घासत असतो त्या सकाळी, अठराशे वर्षांपूर्वी इथली माणसं फुटलेल्या बांधाकडे बघत हताश उभी होती.

राजाच्या मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला. काम आवाक्याबाहेरचं आहे म्हणाले. बांध पुन्हा होणार नाही असं वाटून प्रजेने आक्रोश केला. तेव्हा सौराष्ट्राचा अधिकारी सुविशाख याने ते काम अंगावर घेतलं आणि पूर्वीपेक्षा तिप्पट भक्कम बांध उभा केला. सुविशाख हा मूळचा पह्लव, म्हणजे इराणकडचा. त्याच्या गुणांत लेखकाने 'अहार्य' असा शब्द घातला आहे. ज्याला लाच देऊन वळवता येत नाही तो अहार्य. असा एक शब्द आमच्या सेवापुस्तकात कुणी लिहिला असता तर पेन्शनपेक्षा मोठा वाटला असता.

पण मी ज्या ओळीपाशी थांबलो ती खर्चाची. राजा सांगतो, हे काम मी शहरातल्या व खेड्यातल्या लोकांवर कर न बसवता, विष्टी न घेता आणि 'प्रणय' या गोड नावाखाली देणग्या न उकळता, माझ्या स्वतःच्या कोशातून केलं. विष्टी म्हणजे वेठ, बिनमजुरीची सक्तीची मेहनत.

एवढं मोठं पुण्याचं काम, लोकांच्याच भल्याचं. त्यासाठी लोकांना थोडं राबवलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. तरी राजाला दगडावर कोरून सांगावंसं वाटलं की मी पुण्य केलं, पण त्याचा भार दुसऱ्याच्या खात्यावर टाकला नाही. ते वाचलं आणि माझ्या मनात टोचणी लागली. ती का, हे सांगण्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल.

नवस

आमचा नातू सातव्या महिन्यात झाला. पेटीत ठेवावा लागला. तळहातावर मावेल एवढा जीव. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन काही सांगितलं, आणि मुलाचा चेहरा बघून मी जिन्यात गेलो. तिथे भिंतीला टेकून मी दत्तप्रभूंना शब्द दिला, "हा वाचू दे. आम्ही दोघं नवरा-बायको गिरनारच्या दहा हजार पायऱ्या पायी चढून तुझ्या पादुकांवर डोकं ठेवू."

नातू वाचला. आता चार वर्षांचा आहे आणि घरात एक वस्तू जागेवर राहू देत नाही.

नवसाचं मी सौ.ला सांगितलं ते वर्षभराने. तिच्या गुडघ्यांची झीज झालेली, जिन्याच्या दहा पायऱ्यांनाही कठड्याचा आधार लागतो. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पायांचा नवस बोलताना मला विचारायचं तरी!" मी म्हटलं, "अगं, वेळ तशी होती." ती काही बोलली नाही. विषय तिथे मिटला असं मी धरून चाललो. पुढे तीन वर्षं मी तिला तेल, पट्टे, व्यायाम यांची आठवण करत राहिलो. मला वाटायचं मी तिची काळजी घेतोय. खरं तर मी वसुली करत होतो.

ऑक्टोबर २०२० पासून तळेटीपासून अंबाजीच्या देवळापर्यंत रोपवे झाला आहे. मुलाचं म्हणणं, आईने रोपवेने यावं आणि पुढे डोली करावी. माझा अडसर होता की नवस 'पायी' आहे. डोली मात्र सौ.नेच नाकारली. कारण काही अध्यात्मिक नव्हतं. "मला उंचावर झुलत बसायची भीती वाटते," म्हणाली.

निघायच्या आदल्या रात्री मी तिला अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी कुमारीची गोष्ट ऐकवली. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती आहे. घरी पाहुणे आले, मुलगी भात कांडायला बसली, हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. आपली गरिबी पाहुण्यांना कळू नये म्हणून तिने एकेक बांगडी काढली आणि शेवटी दोन्ही हातांत एकेकच ठेवली. आवाज थांबला. अवधूतांनी त्यावरून बोध घेतला की अनेक असले की कलह, दोन असले की गप्पा, म्हणून एकट्याने चालावं. मी म्हटलं, "तेव्हा मी रात्री एकटाच चढतो. तू सकाळी रोपवेने ये, मग पुढचं बघू."

ती पिशवी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या पोरीने बांगड्या स्वतःच्या काढल्या. दुसरीच्या नाही."

तेव्हा मला ते बोलणं नुसतंच टोचकं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिळेपुढे उभा राहिलो, राजाच्या खर्चाची ओळ तिथल्या माहितीफलकावर आणि माझ्याजवळच्या पुस्तकात वाचली, आणि दोन्ही गोष्टी एकाच जागी येऊन मिळाल्या. नातू माझा तसा तिचाही. नवस करायला ती नाही म्हणाली नसती. पण मी तिला विचारलं नव्हतं. देवाला दिलेल्या शब्दाचा अर्धा भार मी तिच्या नावे परस्पर टाकून मोकळा झालो होतो. सहीशिवाय खातेदाराच्या नावे रक्कम टाकली तर बँकेत नोकरी जाते. घरात त्याला आपण भक्ती म्हणतो.

चढण

रविवारी रात्री दीड वाजता काठी घेऊन तळेटीहून निघालो. सोमवार साधायचा होता, कारण पुढे येईल. थंडी होती, पण शंभर पायऱ्यांत स्वेटर काढावा लागला. रात्री चढणारे बरेच असतात. कुणी दिगंबराचा गजर करतं, कुणी मोबाइलवर गाणी लावतं, आणि हजारेक पायऱ्यांनंतर सगळेच गप्प होतात.

या पायऱ्यांचाही हिशेब आहे. आजची वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीट बांधायला घेतली, ती लॉटरी काढून उभ्या केलेल्या पैशातून. म्हणजे ज्यांना बक्षीस लागलं नाही अशा हजारो लोकांच्या तिकिटांवर आपण पाय ठेवून वर जातो. त्यांना माहीतही नसेल की त्यांचा हरलेला पैसा इतक्या लोकांना देवापर्यंत पोचवतो.

अंबाजीच्या खाली जैन मंदिरांचा मोठा समूह लागतो. नेमिनाथांचं मंदिर बाराव्या शतकातलं. त्याची कथा जैन प्रबंधांत आहे. पाटणच्या सिद्धराज जयसिंहाचा सौराष्ट्रातला अधिकारी सज्जन याने राज्याच्या वसुलीचा पैसा परस्पर या मंदिराला लावला. राजाने हिशेब मागितला. सज्जनाने तोपर्यंत व्यापाऱ्यांकडून तेवढी रक्कम उभी केली आणि राजापुढे ठेवली. म्हणाला, "महाराज, पैसे हवे असतील तर हे घ्या, मंदिराचं पुण्य हवं असेल तर ते घ्या." राजाने पुण्य घेतलं. कथा गोड आहे. पण मी त्या अंधारात पायरीवर बसून विचार करत होतो तो सज्जनाच्या मनाचा. पुण्य झालं होतं, मंदिर उभं होतं, तरी त्याने पैसे परत करायची तयारी ठेवली. परस्पर केलेला खर्च कधीतरी मांडून दाखवावा लागतो, हे तो जाणत होता.

सहाच्या सुमारास अंबाजीला पोचलो. साधारण पाच हजार पायऱ्या झाल्या. वारा इतका की टोपी हातात धरावी लागली. सौ.चा फोन आला. वाऱ्यामुळे रोपवे बंद आहे, कधी सुरू होईल सांगता येत नाही. मी म्हटलं, "थांबतो मी इथे." ती म्हणाली, "थांबू नका. ऊन होईल. तुम्ही पुढे व्हा."

मी पंधरा मिनिटं तसाच बसून राहिलो. पायी चढायचा नवस तर सोडाच, तिला अंबाजीपर्यंतही येता येईल की नाही कळत नव्हतं. शेवटी उठलो.

पादुकांपाशी

अंबाजीच्या पुढे गोरक्षनाथांचं शिखर. हे सगळ्यात उंच, सुमारे १११७ मीटर, आणि गुजरातमधलंही सर्वांत उंच. शिष्याचं स्थान गुरूंपेक्षा उंच कसं? भाविक सांगतात की गोरक्षनाथांनी नित्य चरणदर्शन मागितलं. चरण दिसायचे तर वरूनच बघावं लागतं, म्हणून प्रभूंनी त्यांना वर बसवलं. तिथून समोर दत्तशिखर दिसतं, सुळक्यासारखं एकटं. मग बराच उतार, आणि शेवटची उभी चढण. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं की अंबाजीनंतर वाट नुसती चढत नाही, उतरून पुन्हा चढते, आणि येताना तेच उलट.

शिखर लहान, जागा अगदी थोडी. त्रिमूर्ती आणि पादुका. याच पादुकांना जैन बांधव नेमिनाथांच्या म्हणून वंदन करतात. डोकं ठेवायला मिळालं ते काही क्षण. मागे रांग होती. मनात इतकं घेऊन गेलो होतो, पण तोंडातून आलं ते असं: "देवा, माझा अर्धा नवस आज फेडला. उरलेला अर्धा तिच्या नावे मी न विचारता टाकला होता. ती नोंद माझी चूक आहे. तिच्याकडे मागू नकोस, माझ्याकडे माग."

आम्हाला नोकरीत पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की चुकीची नोंद खोडायची नाही, खरवडायची नाही. तिच्याखाली उलटी नोंद करायची, कारण लिहायचं आणि सही करायची. खोडलेलं लपतं, पण दुरुस्त होत नाही.

उतरताना कमंडलू कुंडाकडे वळलो. दुष्काळात लोकांनी धावा केला तेव्हा प्रभूंनी कमंडलू टाकला, त्याचे दोन भाग झाले, एका जागी पाणी आलं आणि दुसऱ्या जागी अग्नी, अशी कथा आहे. तिथली धुनी दर सोमवारी पेटते. पिंपळाची लाकडं रचतात आणि ती आपोआप पेट घेते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मी पोचलो तेव्हा धुनी पेटलेली होती. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळतं, कोण कुठला विचारत नाहीत. त्या पंगतीत बसताना लक्षात आलं की इथलं पीठ, तांदूळ, तेल, सगळं कुणीतरी पाठीवर वाहून आणलेलं आहे. पानात काही टाकवलं नाही.

अंबाजीला परत आलो तर सौ. देवळाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. वारा कमी झाल्यावर रोपवे सुरू झाला होता. हातात दत्तबावनीचं पुस्तक. ही बावन्न ओळींची बावनी गुजरातीत लिहिली ती नारेश्वरच्या श्रीरंग अवधूत महाराजांनी, १९३५ साली. महाराज मूळ मराठी घराण्यातले, वळामे आडनावाचे, आणि प. पू. टेंबेस्वामींच्या परंपरेतले. सौ.ला गुजराती येत नाही, देवनागरीतल्या प्रतीवरून वाचते.

मी तिच्याजवळ बसलो आणि पादुकांपाशी जे बोललो ते तिला सांगितलं. देवाला सांगून भागत नाही, ज्याच्या खात्यात चूक झाली त्यालाही कळवावं लागतं. "तुला न विचारता बोललो होतो. चुकलं."

ती थोडा वेळ समोर बघत राहिली. दत्तशिखर तिथून गोरक्षशिखराआड राहतं. मग म्हणाली, "पोर पेटीत होतं तेव्हा मीही देवाशी काही बोलले होते. ते मी केव्हाच फेडलं." मी विचारलं, काय? ती म्हणाली, "ते तुम्हाला कशाला सांगू? माझं नि देवाचं आहे."

नंतर आम्ही दोघं रोपवेने खाली आलो. उतरण्याचा नवस नव्हता.

जाणाऱ्यांसाठी थोडे

एक. जुनागढला किमान एक पूर्ण दिवस ठेवा. शिळा, उपरकोट, नरसी मेहतांचं स्थान व दामोदर कुंड आरामात होतं. शिळा आधी बघा, डोंगर नंतर.

दोन. हिवाळा उत्तम. पायी जायचं तर रात्री निघा म्हणजे ऊन चढायच्या आत पादुकांपर्यंत पोचता येतं. काठी खालीच मिळते, ती उतरताना जास्त उपयोगी पडते. हे सगळं अभयारण्य आहे, सिंह-बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा वाट सोडून जाऊ नये.

तीन. रोपवे अंबाजीपर्यंतच आहे, पुढची वाट पायांचीच. वारा असला की तो थांबतो, म्हणून परतीच्या गाडीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका.

चार. डोली वजनावर ठरते. ठरलेले पैसे द्या, वर जाऊन घासाघीस करू नका. मजुरी देऊन घेतलेली मेहनत हा त्यांचा प्रपंच आहे. मजुरी कापली की तीच वेठ होते.

पाच. रोपवेने गेलो म्हणून दर्शन कमी झालं असं कुणाला म्हणू नका आणि स्वतःलाही म्हणू नका. अवधूतांनी डोंगराकडून घेतलेला धडा परोपकाराचा आहे. दुसऱ्याला चढायला लावण्याचा नाही.

सहावी गोष्ट नवसाची. संकटात माणस काहीही बोलून जातो, देव ते समजून घेतो. पण आपण बोललेला नवस घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पायांवर, उपासांवर किंवा पैशांवर उभा आहे का, हे एकदा तपासावं. असेल तर वेळ न घालवता त्या माणसाजवळ बसून सांगावं. मला त्याला चार वर्षं आणि पाच हजार पायऱ्या लागल्या.

सुदर्शन तळं आज नाही. रुद्रदामनाच्या दुरुस्तीनंतर तीनशे वर्षांनी बांध पुन्हा फुटला, स्कंदगुप्ताच्या काळात चक्रपालिताने तो दोन महिन्यांत बांधला, आणि पुढे केव्हातरी ते तळं नाहीसं झालं. दगडावर कोरलेली खर्चाची ओळ मात्र अजून वाचता येते. येत्या मार्गशीर्ष वद्य प्रतिपदेला, दत्तजयंतीच्या दुसऱ्या सकाळी, उत्सवाची भांडी घासून झाली की मी तेवढी ओळ पुन्हा एकदा काढून वाचणार आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.